काथ्यासारखे केस, पाणमांजरासारखं डोकं: बॉर्डर टेरियर कसा सांभाळावा

बॉर्डर टेरियर जातीच्या कुत्र्याच्या पाठीवर पहिल्यांदा हात ठेवणारा माणूस हमखास थबकतो. डोळ्यांना मऊसूत वाटणारं हे जनावर हाताला मात्र नारळाच्या काथ्यासारखं लागतं. तेच केस बोटांनी बाजूला सारले, की खाली कापसासारखा दाट, उबदार दुसरा थर सापडतो. आमच्या कुत्र्याचं नाव काथ्या पडलं ते त्यामुळेच. आम्ही इंग्लंडमध्ये, न्यूकॅसलच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमध्ये राहतो. काथ्या आठ आठवड्यांचा असताना घरी आला, आता नऊ वर्षांचा आहे. इकडच्या मराठी घरांत कुणाला कुत्रा पाळायची इच्छा झाली, की एक तरी फोन मला येतो: "तुमच्यासारखाच घ्यावा म्हणतोय, कसा आहे हो?" त्या फोनवर घाईत जे सांगता येत नाही ते इथे नीट लिहिते.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. या कुत्र्याचे केस, कातडी, छातीचा घेर, हट्ट, दुखणं लपवण्याची सवय, सगळं बिळात शिरून काम करण्यासाठी घडलेलं आहे. सोफ्यावर झोपलेला बॉर्डरसुद्धा मनाने बिळाच्या तोंडाशीच बसलेला असतो. हे ध्यानात ठेवलंत, तर पुढची प्रत्येक सूचना का दिली आहे ते आपोआप कळेल.

हा कुत्रा कुठला, कशासाठी

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट टेकड्या आहेत. झाडं कमी, वारा फार, आणि जिकडे पाहावं तिकडे मेंढ्या. वसंतात कोकरं जन्मली की कोल्हे टपलेले असत. कोकेट आणि रीड या नद्यांच्या खोऱ्यांतल्या मेंढपाळांना असा कुत्रा हवा होता, जो घोड्यामागे दिवसभर धावेल आणि कोल्हा बिळात शिरला की त्याच्यामागे आत जाऊन त्याला बाहेर काढेल. धावायला पाय लांब हवेत आणि बिळात शिरायला अंग अरुंद हवं. या दोन गरजांमधून बॉर्डर टेरियर तयार झाला. रॉबसन आणि डॉड ही तिथली शेतकरी घराणी या कुत्र्यांसाठी ओळखली जात. आधी खोऱ्यांच्या नावावरून त्याला कोकेटडेल टेरियर म्हणत. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने १९२० मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, अमेरिकेत ती १९३० मध्ये मिळाली.

जातीच्या अधिकृत वर्णनात एक कसोटी अजून आहे: खांद्यांच्या मागे दोन्ही हातांच्या पंजांत त्याची छाती मावली पाहिजे. काथ्याला मी असं धरते तेव्हा माझे अंगठे वर पाठीवर आणि बोटांची टोकं खाली पोटाशी जेमतेम भिडतात. छाती याहून रुंद असेल तर कोल्हा गेला त्या भोकातून कुत्रा जाणार नाही, इतका साधा हिशेब आहे. नराचं वजन साधारण ५.९ ते ७.१ किलो, मादीचं ५.१ ते ६.४ किलो. कातडी जाड आणि सैल असते. अरुंद जागेत चावा बसला तरी आत फार इजा होऊ नये, म्हणून. डोकं पाणमांजरासारखं, वर सपाट आणि गालांकडे रुंद. शेपूट मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती, गाजरासारखी. रंग चार: तांबडा, गव्हाळी, करडा-तांबूस आणि निळसर-तांबूस.

स्वभाव

बाकीच्या टेरियरांच्या, म्हणजे बिळातल्या शिकारीसाठी घडलेल्या जातींच्या मानाने बॉर्डर बराच समजूतदार असतो. शिकारी कुत्र्यांच्या कळपाबरोबर तो राहत-धावत आला आहे, त्यामुळे दुसरा कुत्रा दिसला की अंगावर जाण्याची सवय त्याच्यात कमी. माणसांत तो मनापासून रमतो. आमच्या मुलीच्या दहावीइतक्या महत्त्वाच्या इथल्या परीक्षेच्या काळात तो रोज रात्री तिच्या टेबलाखाली तिच्या पावलांवर हनुवटी टेकून पडायचा, ती उठेपर्यंत हलायचा नाही.

पण तो आज्ञाधारक नसतो, आणि या दोन गोष्टींची गल्लत करू नका. बिळात मालक सोबत नसतो. अंधारात पुढे जायचं की मागे फिरायचं, हे कुत्र्यानेच ठरवायचं असतं. असा स्वतः निर्णय घेणारा कुत्रा पिढ्यान् पिढ्या निवडला गेलाय. तुम्ही हाक मारलीत की तो ऐकतो, तुमच्याकडे बघतो आणि मग विचार करतो. तो विचार करतानाचा क्षण ज्यांना सहन होत नाही, त्यांनी दुसरी जात बघावी.

घरात आधीपासून मांजर असेल तर पिल्लू तिच्याबरोबर वाढतं आणि तिला घरातलीच मानतं. शेजारच्या मांजराला ही सवलत नसते. ससा, हॅमस्टर, गिनीपिग असलेल्या घरात बॉर्डर आणू नये. पिंजरा मजबूत आहे, असं म्हणून आणला तरी त्या लहान जिवाचं आयुष्य भीतीत जातं.

पिल्लू निवडताना

इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानातून किंवा मधल्या माणसाकडून विकत घेता येत नाही. ज्याच्या घरी ते जन्मलं त्याच्याकडूनच घ्यायचं, आणि ते आईसोबत असताना पाहायचं. विक्रेता म्हणाला, "आई फिरायला गेलीय," तर तिथूनच परत फिरा. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आणू नका. तोवर त्याच्या अंगात मायक्रोचिप असणंही २०१६ पासून कायद्याने सक्तीचं आहे.

या जातीसाठी खास विचारायचा प्रश्न म्हणजे स्लेमची चाचणी. स्लेम हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आनुवंशिक आजार आहे. दोन आठवड्यांची पिल्लं चालायला लागताच त्यांचा मागचा भाग जोरजोरात थरथरू लागतो. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच आजार होतो. त्यासाठी डीएनए चाचणी आहे, आणि दोघांपैकी एकाचा निकाल स्वच्छ असेल तर पिल्लांना धोका नसतो. निकालाचा कागद डोळ्यांनी पाहा, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आई-बापांच्या डोळ्यांची आणि हृदयाची तपासणी झाली आहे का, हेही विचारा. आणि एक प्रश्न जो फारसं कुणी विचारत नाही: यांच्या घराण्यात आकडी किंवा पेटके येणारा कुत्रा झाला आहे का? त्याचं कारण खाण्याच्या भागात सांगते.

मोठा कुत्रा चालणार असेल तर बॉर्डर टेरियर वेल्फेअर ही संस्था ब्रिटनमध्ये याच जातीच्या कुत्र्यांना नवी घरं शोधून देते. नोकरी करणाऱ्या जोडप्याला पिल्लापेक्षा पाच-सहा वर्षांचा शहाणा बॉर्डर जास्त झेपतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर आणि कुंपण

पिल्लू आणण्याच्या आधीच्या शनिवारी परसातलं कुंपण गुडघ्यांवर बसून तपासा. तुमच्या मुठीएवढी फट पिल्लाला पुरते. बॉर्डर कुंपणावरून उडी मारतो, जाळी चढतो, पण त्याचा आवडता मार्ग जमिनीखालून. आम्ही कुंपणाच्या पायथ्याशी वीतभर खोल चर खणला, त्यात लोखंडी जाळी पुरली आणि जाळीचा खालचा हातभर भाग आतल्या बाजूला आडवा वळवून वर माती लोटली. कुत्रा कुंपणाला लागून खणतो, त्याचे पंजे आडव्या जाळीला लागतात, तो थांबतो. मागे सरकून खणावं, हे त्याला सुचत नाही.

खणण्याची हौस मात्र मोडायची नाही, तिला जागा द्यायची. एका कोपऱ्यात वाळूचा चौकोन केला आणि त्यात रोज एक-दोन खाऊ पुरले, तर तुमची कोथिंबीर वाचते. इथल्या थंडीत महत्प्रयासाने उगवलेली कोथिंबीर गमावल्यावर मी हे शिकले.

पट्ट्याबद्दल सांगते. बॉर्डरची मान जाड, डोकं लहान आणि कातडी सैल. त्यामुळे घाबरला की मागे सरकून तो पट्ट्यातून डोकं सहज काढून घेतो. फिरायला नेताना छातीभोवती नीट बसणारा हार्नेस वापरा, आणि तो कातडी धरून नव्हे, बरगड्या धरून बसलाय का ते बोट घालून पाहा. नाव-पत्त्याचा बिल्ला असलेला पट्टा मात्र सार्वजनिक जागी कायद्याने हवाच, म्हणून तोही गळ्यात राहू द्या.

हाक मारली की परत येणं

हे पहिल्या आठवड्यात सुरू करायचं आणि शेवटपर्यंत चालू ठेवायचं.

सुरुवात घरात करा. नाव घ्या, तो बघताच खाऊ द्या. दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी मिनिटभर. मग परसात. मग शांत मैदानात, दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला लावून. हाक एकदाच मारायची. तो वळला नाही तर दोरी हलकेच आवळायची, आला की भरभरून कौतुक आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा. कोरडं बिस्किट सशाच्या वासापुढे टिकत नाही. आणि प्रत्येक वेळी पकडून घरी आणू नका. दहापैकी आठ वेळा खाऊ देऊन पुन्हा मोकळं सोडा, नाहीतर परत येणं म्हणजे मजा संपणं, हे समीकरण तो दोन दिवसांत शिकतो.

सहा ते अठरा महिन्यांत बॉर्डर शिकलेलं सगळं विसरल्यासारखा वागतो. खरं तर विसरलेला नसतो, नाक जागं झालेलं असतं. या काळात लांब दोरी काढू नका. मेंढ्या असलेल्या कुरणात तर कधीच काढू नका, कुत्रा कितीही शहाणा असला तरी. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला काही परिस्थितीत गोळी घालणं शेतकऱ्याला इथे कायद्याने शक्य आहे. आणि कोकराच्या आईने भीतीने पळताना काय सोसलं असतं, तो विचार त्याहून वाईट.

तरीही एखाद्या दिवशी तो बिळात जाईल. काथ्या दोन वर्षांचा असताना रॉथबरीजवळच्या एका उतारावर गेला. मी अर्धा तास घसा फोडून हाका मारल्या आणि तेच चुकलं. माझा आवाज ऐकून त्याला वाटत होतं, आपली माणसं पाठीशीच आहेत, चालू द्या. तेव्हा असं करा: बिळाच्या तोंडाशी बसा, गप्प राहा, एक-दोन माणसं सोडून सगळ्यांना लांब पाठवा. अंगावरचं जाकीट बिळाच्या तोंडाशी ठेवा. बहुतेक कुत्रे शांतता झाल्यावर कंटाळून बाहेर येतात. काथ्या तीन तासांनी आला, नाकावर ओरखडा आणि मिशांना लाल माती. फावडं घेऊन खणायला लागू नका. छप्पर त्याच्याच अंगावर कोसळू शकतं, आणि बीळ बॅजर या रानटी प्राण्याचं असेल तर १९९२ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय त्याला हात लावणं गुन्हा आहे. रात्र होऊ लागली तर प्राणिसंस्थेला किंवा अग्निशमन दलाला फोन करा. बाहेर आल्यावर त्याला रागावू नका. आधी डोळे, नाक, ओठांच्या आतली बाजू आणि काखा स्वच्छ पाण्याने धुऊन पाहा, चावा दिसला तर त्याच दिवशी व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर.

व्यायाम मोठ्या कुत्र्याला रोज तासभर तरी हवा. पण नुसतं चालणं पुरत नाही, नाकाला काम हवं. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवून दिला तर पंधरा मिनिटांत तो जितका दमतो तितका दोन मैल चालून दमत नाही. घरात एकटा चार तासांपेक्षा जास्त नको.

केस खुडणं

बॉर्डरच्या निगेतला हा सगळ्यात मोठा भाग, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पहिली चूक आम्हीच केली. काथ्या दहा महिन्यांचा असताना जवळच्या एका दुकानात नेला. त्यांनी विचारलं, "नीट करून देऊ?" मी हो म्हणाले. तासाभराने मशीन फिरवलेला कुत्रा हातात आला. दिसायला गोंडस होता. पण पुढच्या पावसात पाणी थेट कातडीपर्यंत गेलं. नवे केस आले ते मऊ, लोकरीसारखे, आणि गव्हाळी रंग धुवट पिवळा झाला. पूर्ववत व्हायला दीड वर्ष लागलं.

असं का होतं ते समजून घ्या. वरचा राठ केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतो आणि मग मरतो, पण गळून पडत नाही. मुळाशी सैल होऊन तिथेच राहतो. तो खुडून काढला की त्याच मुळातून नवा राठ, रंगदार केस येतो. मशीनने किंवा कात्रीने कापला तर मेलेल्या केसाचं खोड तसंच राहतं, नव्याला वाट मिळत नाही, आणि मऊ खालचा थरच वरचढ होतो. पाऊस, काटे, चिखल यांपासूनचं संरक्षण जातं. नसबंदी केलेल्या कुत्र्यांचे केस तसेही थोडे मऊ होतात, त्यांना मशीन आणखी मारक.

दुखतं का, असं सगळे विचारतात. केस तयार असेल तर दुखत नाही. तयार आहे का, हे असं बघायचं: पाठीवरचे चार-पाच केस चिमटीत धरा आणि वाढीच्या दिशेने हलकेच ओढा. सहज हातात आले आणि कुत्र्याने मान वळवली नाही, तर तयार. अडकले, कातडी वर उचलली गेली, तर अजून तीन आठवडे थांबा. तयार झालेला बॉर्डर विस्कटलेला दिसतो, पाठीवर मधोमध केस दुभंगून भांग पडतो. साधारणपणे वर्षातून दोनदा ही वेळ येते.

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. खडूची पूड, औषधांच्या दुकानात मिळणारे बोटांत घालायचे रबरी टोपडे, बारीक दातांचा कंगवा, विरळ करणारी कात्री आणि पायाखाली न घसरणारी चटई. केस खुडायची सुरी मिळते, पण नवख्याने ती घेऊ नये. धार लागली तर केस खुडला जात नाही, कापला जातो. आदल्या आठवडाभरात आंघोळ घालू नका. धुतलेला केस चिमटीतून निसटतो.

पिल्लाला सवय सहाव्या महिन्यापासून लावा. टेबलावर उभं करायचं, दोन मिनिटं विंचरायचं, पाच-दहा केस खुडायचे, खाऊ द्यायचा, खाली उतरवायचं. बस.

आता प्रत्यक्ष काम. कुत्र्याला तासभर फिरवून आणा म्हणजे तो निवांत असतो. टेबलावर घ्या, आधी सगळं अंग कंगव्याने विंचरा, गुंते सोडवा. पाठीवर थोडी खडूची पूड चोळा, पकड येते. डाव्या हाताने कातडी ताणून धरा. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत केसांची फक्त टोकं धरा, थोडेच. मनगट न वळवता, कोपरातून, वाढीच्या दिशेने झटका द्या. मेथी निवडताना देठाशी पान कसं टचकन सुटतं, तसा आवाजही न होता केस सुटायला हवा. मानेच्या मागून सुरुवात करून पाठीवरून शेपटीकडे जा, मग खांदे, बरगड्या, मांड्यांची बाहेरची बाजू. जिथे हात फिरला तिथे खालचा मऊ थर दिसू लागतो, आणि कुत्रा दोन रंगांचा दिसतो. घाबरू नका, तसंच दिसायला हवं.

डोक्यावरचे आणि कानांवरचे केस अगदी दोन-दोन करून काढा. पाणमांजरासारखं डोकं दिसतं ते इथल्या कामामुळे. कपाळ आणि गाल सपाट, ओठांवर आखूड मिशा, भुवया डोळ्यांवर येणार नाहीत इतपतच. पोट, जांघा, काखा, गुदद्वाराभोवतालची आणि लिंगाभोवतालची जागा कधीही खुडू नका. तिथली कातडी पातळ असते, तिथे कात्रीच. पंजांच्या गाद्यांमधले केसही कात्रीने कापा, हिवाळ्यात त्यात बर्फाचे गोळे अडकतात. शेपूट शेवटी, टोकाकडे निमुळती राहील अशी.

पहिल्या वेळी चार तास लागतील. एका दिवसात करू नका. आज पाठ, उद्या बाजू, परवा पाय, असं आठवड्यात पुरं करा. मध्येच कातडी लाल दिसली किंवा पुरळ आलं तर थांबा. झाल्यावर दोन-तीन दिवस आंघोळ नको, मुळं उघडी असतात. कुत्रा आता फक्त आतल्या मऊ थरावर आहे, म्हणून थंडीत बाहेर नेताना अंगात कोट घाला आणि उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर नेऊ नका. नवे राठ केस दिसायला दोन महिने जातात.

हे दोनदा जमलं, की पुढचा सोपा मार्ग धरा. दर आठवड्याला दहा मिनिटं बसून फक्त सगळ्यात लांब केस खुडायचे. असं केलं की अंगावर कायम वेगवेगळ्या वयाचे केस राहतात, कुत्रा कधी उघडा पडत नाही आणि तुमचंही काम साचत नाही. मी हे रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी करते. निघालेले केस परसात ठेवले की पक्षी घरट्यासाठी नेतात. पण कुत्र्याला पिसवांचं औषध लावलेलं असेल तर ते केस कचऱ्यातच टाका, घरट्यातल्या पिल्लांना विषारी ठरू शकतात.

स्वतः करायचं नसेल तर फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: "हाताने खुडता का?" उत्तरात घुटमळ आली तर दुसरीकडे जा.

खाणं, आणि पोळीचा तुकडा

हा भाग मराठी घरांनी सावकाश वाचावा.

आपल्याकडे पहिला घास कुत्र्याला, ही शिकवण आहे. आजी गरम पोळीचा तुकडा मोडून आधी दाराशी ठेवायची. तेच माझ्या हातात आलं. काथ्याला रोज रात्री पोळीचा एक चतकोर मिळायचा. तो तीन वर्षांचा असताना एका संध्याकाळी स्वयंपाकघरात चालता चालता थांबला. मागचे पाय ताठ झाले, पाठ कमानीसारखी वर आली, सगळं अंग थरथरायला लागलं, आणि पोटातून गुरगुर ऐकू येत होती. तो पडला, पण डोळे माझ्यावर होते. मी नाव घेतलं तर कान हलले. सहा-सात मिनिटांत उठून पाणी प्यायला, जणू काही झालंच नाही. पुढच्या दोन महिन्यांत असं चार वेळा झालं. पहिल्या डॉक्टरांनी अपस्मार म्हणून गोळ्या सुचवल्या. दुसऱ्या ठिकाणी मी फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शुद्धीवर असतो का?" आणि दुसरा, "खायला काय देता?"

बॉर्डर टेरियरमध्ये पेटक्यांचा असा एक आजार आढळतो. पूर्वी त्याला स्पाइक्स डिसीज म्हणत, स्पाइक नावाच्या एका कुत्र्यावरून. अपस्माराच्या झटक्यात बहुधा शुद्ध हरपते, इथे कुत्रा जागा असतो, ओळखतो, पण अंग त्याचं ऐकत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा बॉर्डर टेरियरांना ग्लूटेनविरहित आहार दिल्यावर त्यांचे झटके कमी झाले किंवा थांबले. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन आहे.

आम्ही त्याच आठवड्यात पोळी बंद केली, गहू असलेलं त्याचं कोरडं खाणं बदललं, दातांसाठी चघळायला देतो त्या काड्या बदलल्या. डब्यामागचं बारीक अक्षर वाचताना जव हमखास सुटतो, तिकडे लक्ष द्या. पाळायचं तर घरातल्या प्रत्येकाने पाळायचं. पाहुण्याने प्रेमाने दिलेला बिस्किटाचा तुकडासुद्धा चालत नाही. फरक दिसायला आम्हाला जवळजवळ तीन महिने लागले. त्यानंतर काथ्याला एकदाच झटका आला, दिवाळीत, शंकरपाळ्याचं ताट खाली राहिलं होतं तेव्हा.

तुमच्या बॉर्डरला असं काही नसेल तर गहू बंद करायची गरज नाही. पण रोजची पोळी त्याला द्यावीच, असंही नाही. आणि पहिल्या घासाची सवय मोडवत नसेल तर तुमच्या घरातच उपाय आहे: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नसतं. बिनमिठाच्या भाकरीचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा काथ्याला आजही रोज मिळतो. पीठ मात्र गहू न दळणाऱ्या गिरणीचं किंवा तसं लिहिलेल्या पुडक्यातलं हवं. झटका येताना दिसला तर त्याला घट्ट धरू नका, जिन्यापासून आणि टेबलाच्या कोपऱ्यापासून दूर ठेवा, व्हिडिओ काढा, वेळ मोजा आणि व्हेटला दाखवा. निदान त्यांनीच करायचं.

आपल्या स्वयंपाकातल्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. कांदा, लसूण कुठल्याही रूपात नको, म्हणजे आमटी-रश्शाचा भातही नको. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, तेव्हा शिऱ्याची वाटी आणि लाडवाचा डबा उंचावर. चॉकलेट नको. झायलिटॉल घातलेला बिनसाखरेचा च्युइंगगम पर्समध्ये असेल तर पर्स जमिनीवर ठेवू नका.

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, मोजून खायला द्या. राठ केसांखाली चरबी दिसत नाही, म्हणून बरगड्यांवरून बोटं फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या लागायला हव्यात. आणि महिन्यातून एकदा, दोन्ही पंजांत छाती धरून पाहा. बोटं दूर जायला लागली तर खाणं कमी करा.

दुखणं लपवणारा रुग्ण

बॉर्डर कुरकुर करत नाही. पायात काटा मोडलेला असतानाही तो शेपूट हलवत येतो. त्यामुळे तुम्हालाच शोधावं लागतं. लसी वेळेवर, जंतांचं औषध वेळेवर. इथल्या दमट बागांत गोगलगाईंमधून फुप्फुसाचा जंत लागतो, त्यासाठीचं औषध वेगळं असतं, ते व्हेटकडून मागून घ्या. या जातीत पित्ताशयात घट्ट चिकट पदार्थ साचण्याचा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो. खाणं टाकलं, उलट्या, पोटाला हात लावू देत नाही, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट, यांतलं काहीही दिसलं तर "उद्या बघू" म्हणू नका. सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या. दात रोज घासा, कुत्र्यांच्याच पेस्टने.

पुण्याहून, नागपूरहून विचारणाऱ्यांना मी प्रामाणिकपणे नको म्हणते. दोन थरांचे केस थंड वाऱ्यासाठी आहेत, एप्रिलच्या दुपारी ते काढून ठेवता येत नाहीत. आणि केस कापून गरमी कमी करायला जावं, तर वर सांगितलेलं सगळं नुकसान. ज्याला दिवसभर नाक जमिनीला लावून फिरायचंय, त्याला वातानुकूलित खोलीत बसवून ठेवणं मला पटत नाही.

चालून घरी आल्यावर मी रोज एक फेरी करते. काथ्याला पायपुसण्यावर उभा करायचा, बोटांनी केस उलटे सारत कानांच्या मागे, हनुवटीखाली, काखांत, पायांच्या बोटांमध्ये बघायचं. मार्च ते ऑक्टोबर इथल्या गवतात गोचीड फार. राठ केसांत ती दिसत नाही, तांदळाच्या दाण्याएवढा कठीण उंचवटा म्हणून बोटाला लागते. तेल लावू नका, जाळू नका, चिमटीत दाबू नका. गोचीड काढायचा प्लॅस्टिकचा हुक कातडीला लागून सरकवा, फिरवत फिरवत सुटू द्या, मग ती जागा जंतुनाशकाने पुसा आणि तारीख लिहून ठेवा. आमचा हुक दाराजवळच्या खिळ्याला, हार्नेसच्या शेजारीच टांगलेला असतो.